उच्च-स्पष्टता दूरचित्रवाणी संचाची निवड

उच्च-स्पष्टता दूरचित्रवाणी संच, रूढ भाषेत एचडी टीव्ही, म्हणजे किमान ७२० आडव्या ओळींचे चित्र दाखवण्याची क्षमता असलेला, १६:९ या रुंद आकाराच्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच होय. भारतातील जुन्या, मानक-स्पष्टता म्हणजेच एसडी चित्रात ५७६ दृश्य ओळी असतात. घरासाठी असा संच निवडताना बसण्याच्या जागेपासून पडद्याचे अंतर आणि संचाला मिळणाऱ्या चित्रसंकेताचा दर्जा या दोन बाबी सर्वाधिक निर्णायक ठरतात. खोक्यावर ठळक छापलेला पिक्सेलांचा आकडा त्यांच्यानंतर येतो. दुकानात मात्र हा क्रम बहुधा उलटा असतो. त्यामुळे डोळ्याला जाणवू न शकणाऱ्या गुणासाठी अधिक पैसे मोजले जातात आणि जाणवणाऱ्या उणिवांकडे दुर्लक्ष होते.

पार्श्वभूमी

उच्च-स्पष्टता दूरचित्रवाणीचे संशोधन जपानमध्ये सुरू झाले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या जपानी सार्वजनिक प्रसारण संस्थेने हे काम हाती घेतले. त्यातून १,१२५ ओळींची 'हाय-व्हिजन' ही अॅनालॉग प्रणाली तयार झाली आणि १९८९ पासून तिचे उपग्रहाद्वारे प्रायोगिक प्रसारण होऊ लागले. पडद्याचे १६:९ हे प्रमाण १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने सुचवले. जुन्या दूरचित्रवाणीचे ४:३ आणि रुंद चित्रपटांचे २.३५:१ या दोन प्रमाणांच्या साधारण मध्यावर ते येते. आज जगभर घरोघरी दिसणारा पडद्याचा आकार ही त्या तडजोडीची देणगी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 'शिफारस ७०९' या दस्तऐवजाची पहिली आवृत्ती १९९० मध्ये निघाली. पुढे त्यातच १९२० × १०८० हा आराखडा एचडी चित्राचा समान पाया म्हणून स्थिरावला. अमेरिकेने १९९६ मध्ये अंकीय दूरचित्रवाणीचे मानक स्वीकारले आणि १९९८ पासून तेथे नियमित एचडी प्रक्षेपण होऊ लागले.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. रंगीत प्रक्षेपणाचा प्रारंभ १९८२ मध्ये, त्याच वर्षीच्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने झाला. देशातील एचडी प्रसारणाला चालना देणारी घटनाही क्रीडास्पर्धाच होती. ऑक्टोबर २०१० मधील दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दूरदर्शनने आपली एचडी वाहिनी सुरू केली. थेट घरात येणाऱ्या उपग्रह सेवांनीही त्याच सुमारास एचडी सेट-टॉप बॉक्स बाजारात आणले. केबल दूरचित्रवाणीच्या अंकीकरणासाठी २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील जुने अॅनालॉग केबल जाळे बंद करण्याचे ठरले. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. त्यापूर्वी केवळ मराठी कार्यक्रम पाहणाऱ्या घरात एचडी संच असला, तरी त्यावर दिसणारे बहुतांश चित्र एसडीच होते.

खोक्यावरील संज्ञा

बाजारात प्रचलित असलेल्या 'एचडी रेडी', 'फुल एचडी' आणि '४के' किंवा 'अल्ट्रा एचडी' या संज्ञा पडद्यावरील चित्रबिंदूंची, म्हणजेच पिक्सेलांची, संख्या सांगतात. भारतात प्रसारित होणाऱ्या एसडी चित्रात जास्तीत जास्त ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल असतात. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. ही संख्या एसडीच्या नेमकी पाचपट आहे. अल्ट्रा एचडी पडद्यावरील ३८४० × २१६० पिक्सेलांची संख्या ८२,९४,४०० भरते आणि ती एसडीच्या नेमकी वीसपट आहे.

'एचडी रेडी' ही संज्ञा युरोपातील उद्योगसंघटनेने २००५ मध्ये एका अधिकृत चिन्हासाठी वापरात आणली. ७२० ओळींचे आणि १०८० ओळींचे संकेत स्वीकारणारा, किमान ७२० ओळींचा पडदा असलेला संच, असा तिचा मूळ अर्थ होता. भारतात ती सैलपणे वापरली जाते आणि बहुधा १३६६ × ७६८ पिक्सेलांच्या पडद्याला लागू केली जाते. हा आकडा संगणकाच्या पडद्यांच्या जगातून आलेला आहे. ७६८ ओळींचे प्रसारण कोणतीही वाहिनी करत नाही. त्यामुळे अशा संचाला येणारे प्रत्येक चित्र, मग ते ५७६, ७२० वा १०८० ओळींचे असो, ताणून किंवा आक्रसूनच दाखवावे लागते. ३२ इंची संचात हे सहसा लक्षात येत नाही. त्याहून मोठ्या आकारात मात्र 'एचडी रेडी' संच घेण्यास सबळ कारण उरत नाही.

'एलईडी टीव्ही' हे नावही दिशाभूल करणारे आहे. या संचातील चित्र द्रव स्फटिकाचा, म्हणजे एलसीडी प्रकारचा पडदाच घडवतो. एलईडी दिवे केवळ त्याच्या मागचा उजेड पुरवतात. पूर्वी हे काम बारीक प्रतिदीप्त नळ्या करत असत.

अंतर आणि आकार

पडद्याचा आकार कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपा मोजला जातो. भारतात तो अधिकृतपणे सेंटिमीटरमध्ये लिहिला जात असला, तरी गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही इंचांतच बोलतात. १६:९ प्रमाणामुळे ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच असतो. ४३ इंची पडद्याची ही मापे अंदाजे ९५ व ५४, ५५ इंचीची १२२ व ६८, तर ६५ इंचीची १४४ व ८१ सेंमी आहेत. जुन्या ४:३ आकाराच्या २९ इंची संचाची उंची सुमारे ४४ सेंमी होती. म्हणून त्याच्या जागी ३२ इंची संच आणणाऱ्या कुटुंबाला आकडा वाढूनही माणसे लहान झाल्यासारखी वाटतात. तो भास नसून साधी भूमिती आहे. तिरप्या मापात मिळालेली वाढ सगळी रुंदीत गेलेली असते.

किती पिक्सेल पुरेसे, हे डोळ्याच्या क्षमतेवर ठरते. नेत्रतपासणीच्या तक्त्यावर ज्याला ६/६ म्हणतात, त्या दृष्टीला एकमेकांपासून कोनाच्या एका मिनिटाइतके, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतके, दूर असलेले दोन बिंदू वेगळे दिसतात. त्याहून जवळचे बिंदू एकच भासतात. अडीच मीटर अंतरावर या कोनाची लांबी सुमारे ०.७३ मिमी भरते. मुंबई-पुण्याकडील मध्यम सदनिकेत दहा फुटी दिवाणखान्याच्या एका भिंतीला सोफा आणि समोरच्या भिंतीवर संच असला, तर डोळा आणि पडदा यांच्यातील अंतर साधारण एवढेच राहते. ३२ इंची 'एचडी रेडी' पडद्यावरील एक पिक्सेल ०.५२ मिमी रुंद असतो. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर तो ०.५० मिमी आणि ५५ इंची फुल एचडी पडद्यावर ०.६३ मिमी असतो. हे तिन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत. याचा अर्थ, अशा खोलीत ३२ इंची संच 'एचडी रेडी' आहे की फुल एचडी, हे सोफ्यावरून ओळखणे सर्वसाधारण दृष्टीला अवघड आहे. ४३ इंची संचात फुल एचडी आणि अल्ट्रा एचडी यांतील फरकाचेही तसेच आहे.

हाच हिशोब उलटा मांडता येतो. फुल एचडी पडद्याचे सर्व तपशील डोळ्यात उतरण्यासाठी पडद्याच्या उंचीच्या सुमारे ३.२ पट अंतराच्या आत बसावे लागते. ४३ इंची संचासाठी हे अंतर १.७ मीटर, ५५ इंचीसाठी २.२ मीटर आणि ६५ इंचीसाठी २.६ मीटर येते. अल्ट्रा एचडीसाठी ते निम्मे होते. ४३ इंची अल्ट्रा एचडी संचाचा पुरेपूर लाभ घ्यायचा, तर ८५ सेंमीवर बसावे लागेल. दूरचित्रवाणी इतक्या जवळून कोणी पाहत नाही, तेथे संगणक वापरला जातो. पिक्सेलांसाठी अधिक किंमत मोजण्याऐवजी त्याच पैशांत एक आकार मोठा किंवा अधिक चांगल्या जातीचा पडदा घेणे बहुतेक घरांत फायद्याचे ठरते.

या गणिताला दोन मर्यादा आहेत. तरुण, निरोगी डोळ्यांची दृष्टी अनेकदा ६/६ हून तीक्ष्ण असते. तिरप्या रेषांच्या कडांवरील पायऱ्या तर नियमित मर्यादेहून बारीक असल्या तरी डोळा टिपतो. दुसरी मर्यादा बाजाराची आहे. ५५ इंच आणि त्यापुढील आकारांत फुल एचडी पडदे आता फारसे तयारच होत नाहीत. तेथे निवडीचा प्रश्नच उरत नाही आणि अल्ट्रा एचडी आपोआप पदरी पडते.

फार मोठा पडदाही सोयीचा नसतो. चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या नावाने सांगितला जाणारा दंडक असा की, पडद्याच्या रुंदीने प्रेक्षकाच्या डोळ्यापाशी सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा. अडीच मीटरवरून हा कोन साधायला १३४ सेंमी रुंद, म्हणजे जवळपास ६० इंची पडदा लागतो. मात्र हा दंडक अंधाऱ्या खोलीत बसून चित्रपट पाहणाऱ्यांसाठी आहे. ज्या घरात दिवसभर बातम्या, मालिका आणि एसडी वाहिन्या चालतात, तेथे एवढ्या मोठ्या पडद्यावर प्रक्षेपणातील दोषही त्याच प्रमाणात मोठे दिसतात.

उंचीबाबतचा दोष घराघरांत आढळतो. संच भिंतीवर टांगताना तो देवघराच्या किंवा घड्याळाच्या रेषेत, उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर लावला जातो. वास्तविक पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या आसपास असावा. मान वर करून तासन्‌तास पाहणे त्रासाचे होते. शिवाय पुढे वर्णिलेल्या काही पडद्यांचे रंग खालून पाहताना फिके पडतात.

चित्रसंकेताचा दर्जा

संच कितीही उत्तम असला, तरी त्याला मिळालेल्या चित्रात नसलेला तपशील तो निर्माण करू शकत नाही. अल्ट्रा एचडी पडद्यावर एसडी वाहिनी लावली, की पडद्यावरील दर वीस पिक्सेलांपैकी एकाचीच माहिती वाहिनीकडून आलेली असते. उरलेल्या एकोणीस पिक्सेलांचे रंग संचातील प्रक्रियक अंदाजाने भरतो. हा अंदाज महागड्या संचात अधिक सफाईदार असतो. स्वस्त मोठ्या संचात चेहरे मेणाचे झाल्यासारखे दिसतात आणि अक्षरांभोवती धूसर कडा उमटतात. नवा संच आणल्यावर 'जुन्या टीव्हीवरच चित्र बरे होते' अशी जी तक्रार वडीलधाऱ्यांकडून ऐकू येते, ती बहुधा खरी असते. लहान काचनळीच्या पडद्यावर एसडी चित्रातील उणिवा झाकल्या जात असत.

म्हणून संच घेण्यापूर्वी घरात प्रत्यक्ष काय पाहिले जाते, याची नोंद करणे उपयुक्त ठरते. प्रसारभारतीच्या 'डीडी फ्री डिश' या निःशुल्क सेवेवरील वाहिन्या मुख्यतः एसडी स्वरूपात आहेत. सशुल्क उपग्रह व केबल सेवांत एचडी वाहिन्यांसाठी वेगळे शुल्क द्यावे लागते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१९ मध्ये लागू झालेल्या दररचनेत जाळे-क्षमता शुल्क आकारताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी मोजण्यात आली. त्यामुळे काही कुटुंबे एचडी संच घेऊनही मासिक खर्च वाचवण्यासाठी एसडी संचयच चालू ठेवतात. अशा वेळी ३२ किंवा ४० इंचांच्या आसपासचा संच दृष्टीला अधिक सुखावह ठरतो.

भारतातील एचडी वाहिन्या सहसा १०८० ओळींचे, परंतु एकाआड एक ओळींचे प्रक्षेपण करतात. एका क्षणी विषम क्रमांकाच्या ओळी आणि पुढच्या क्षणी सम क्रमांकाच्या ओळी, अशी सेकंदाला ५० अर्धचित्रे पाठवली जातात. ही पद्धत काचनळीच्या काळातली आहे. सपाट पडदा सर्व ओळी एकदम दाखवतो, म्हणून संचाला ही अर्धचित्रे जोडून पूर्ण चित्र बनवावे लागते. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात सीमारेषेकडे धावणाऱ्या चेंडूच्या कडा दातेरी दिसत असतील, तर ही जुळणी कच्ची आहे असे समजावे. दुकानात संचाची परीक्षा पाहायची, तर दुकानदाराने लावलेली फुलांची आणि डोंगरांची चित्रफीत बाजूला ठेवून चालू सामना किंवा धावत्या मजकुराची बातमी वाहिनी लावायला सांगावी. दोषांचा थांग त्यातच लागतो.

जोडणीतील एक साधी चूक सर्व खर्च वाया घालवते. एचडी सेट-टॉप बॉक्स संचाला पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांनी जोडलेला असेल, तर पिवळ्या तारेतून केवळ एसडी दर्जाचे चित्र वाहते. एचडी चित्रासाठी एचडीएमआय तार आवश्यक आहे. या जोडणीचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तार जोडल्यानंतर बॉक्सच्या मांडणीत १०८० ओळींचा पर्यायही निवडावा लागतो. तारेच्या किमतीने चित्राचा दर्जा वाढत नाही. एचडीएमआयमधून अंकीय संकेत जातो. तो नीट पोचतो, नाहीतर चित्रात ठिपके उमटतात वा खंड पडतो. एक-दोन मीटर अंतरासाठी साधी, प्रमाणित तार पुरेशी असते.

४:३ आकारातील जुने कार्यक्रम १६:९ पडद्यावर दाखवताना दोन्ही बाजूंना मिळून पडद्याचा चौथा हिस्सा रिकामा राहतो. हे काळे पट्टे अनेकांना खटकतात आणि चित्र रुंद ताणून पडदा भरला जातो. तसे केल्यास प्रत्येक चेहरा एक-तृतीयांशाने रुंद होतो. मुंबई दूरदर्शनवरील 'चिमणराव गुंड्याभाऊ'सारखी मालिका पाहताना मूळ प्रमाणाचा पर्याय निवडला, तर चिमणराव आपल्या मूळ अंगकाठीत दिसतात.

उपग्रह सेवांचे प्रक्षेपण केयू पट्ट्यातील लहरींवर होते आणि मुसळधार पावसात या लहरी क्षीण होतात. कोकण आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात चित्र चौकोनांत फुटून थिजते, त्याचे कारण बहुधा हेच असते. संच बदलून हा दोष जात नाही. आंतरजालावरून कार्यक्रम पाहणाऱ्यांना या अडचणीची झळ लागत नाही. त्यांना फुल एचडी चित्रासाठी सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट आणि अल्ट्रा एचडीसाठी १५ ते २५ मेगाबिट वेगाची स्थिर जोडणी हवी. स्मार्ट संच घेताना आणखी एक बाब तपासावी लागते. चित्रपट पुरवणाऱ्या काही सेवा प्रतिरक्षणासाठी 'वाइडव्हाइन एल१' या स्तराची मान्यता मागतात. ती नसलेल्या स्वस्त संचावर त्याच सेवेचे चित्र एसडी दर्जापुरते मर्यादित राहते. खोक्यावर याचा उल्लेख क्वचितच असतो.

पडद्याचे प्रकार

बाजारातील बहुसंख्य संच एलसीडी प्रकारचे आहेत आणि त्यांत दोन जाती आढळतात. 'व्हीए' पडद्यावर काळा रंग गडद उमटतो. त्याचे प्रकाश-अंधाराचे गुणोत्तर साधारणतः ३,०००:१ किंवा अधिक असते. मात्र बाजूने पाहिल्यास रंग धुवून निघाल्यासारखे वाटतात. 'आयपीएस' पडद्यावर हे गुणोत्तर १,०००:१ च्या आसपास असल्यामुळे अंधाऱ्या दृश्यांत काळ्याऐवजी राखाडी छटा दिसते, परंतु बाजूने पाहताना रंग टिकून राहतात. कोणती जात घ्यावी हे खोलीतील बैठकीवर ठरते. दोघे-तिघे समोरच्या सोफ्यावर बसून रात्री चित्रपट पाहत असतील, तर व्हीए पडदा सरस आहे. आजी दिवाणावर, मुले जमिनीवर सतरंजीवर आणि कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून पाहत असेल, तर आयपीएस पडदा सर्वांना न्याय देतो. विक्रेत्याला जात ठाऊक नसल्यास पडद्यापासून बाजूला सरकून चेहऱ्यांचा रंग बदलतो का, एवढे पाहिले तरी उत्तर मिळते.

ओएलईडी पडद्यात मागचा दिवा नसतो आणि प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो. त्यामुळे काळा भाग खरोखर काळा असतो आणि बाजूनेही रंग ढळत नाहीत. असा पहिला विक्रीयोग्य संच सोनी कंपनीने २००७ मध्ये आणला. त्याचा पडदा अवघा ११ इंचांचा होता. मोठ्या आकाराचे ओएलईडी संच २०१३ पासून उपलब्ध झाले. एकच स्थिर आकृती दीर्घकाळ पडद्यावर राहिल्यास तिची छाप कायमची उमटण्याचा धोका या पडद्यांना आहे. नव्या संचांत तो कमी झालेला असला, तरी दिवसभर एकाच बातमी वाहिनीचे बोधचिन्ह आणि तळाची पट्टी झळकणाऱ्या घरासाठी हा पडदा योग्य म्हणता येत नाही. 'क्यूएलईडी' हे नाव ओएलईडीशी मिळतेजुळते असले, तरी तो एलसीडीचाच प्रकार आहे. त्यात रंग अधिक शुद्ध करण्यासाठी क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. एकेकाळी लोकप्रिय असलेले प्लाझ्मा संच २०१४ च्या सुमारास उत्पादनातून बाद झाले.

एचडीआर ही सुविधा अतिउजळ आणि अतिगडद भाग एकाच दृश्यात सामावते. तिचा परिणाम पडद्याच्या तेजावर अवलंबून असतो आणि हे तेज 'निट' या एककात मोजतात. ज्या पडद्याचे तेज २५० ते ३०० निटपर्यंतच जाते, तो एचडीआर संकेत स्वीकारतो, पण दाखवू शकत नाही. कित्येकदा असे चित्र साध्या चित्राहून काळपटच दिसते. स्वस्त संचांच्या खोक्यावरील एचडीआरचे चिन्ह त्यामुळे विचारात घेण्याजोगे नाही.

संचाची जुळणी

दुकानात मांडलेला संच 'प्रदर्शन' जुळणीवर, कमाल तेजात आणि भडक रंगांत चालवलेला असतो, कारण तेथील प्रखर उजेडात शेजारच्या संचापेक्षा तो उठून दिसावा लागतो. घरी आणल्यावर ही जुळणी बदलून 'चित्रपट' किंवा 'प्रमाण' हा पर्याय निवडावा. गती गुळगुळीत करणारी सुविधा हा मतभेदाचा विषय आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींत चित्रित होतो. ही सुविधा दोन चौकटींमध्ये कल्पित चौकटी घालते. खेळांच्या प्रक्षेपणात तिचा थोडा लाभ होतो, पण चित्रपट तिच्यामुळे स्टुडिओत टिपलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी ती बंद ठेवण्याचे जाहीर आवाहन केले होते. बहुतेक संचांत ती कारखान्यातूनच चालू करून येते.

ध्वनी ही सपाट संचांची सर्वांत दुबळी बाजू आहे. काचनळीच्या संचाच्या खोल पेटीत ध्वनिवर्धकाला जागा मिळत असे. पातळ संचात तो खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसवलेला असतो आणि संवाद दबके ऐकू येतात. २००९ च्या एचडीएमआय १.४ मानकापासून आलेल्या 'एआरसी' खोबणीला वेगळा ध्वनिपट्टा एका तारेने जोडता येतो. घेतलेल्या संचात ही खोबणी असल्यास हा खर्च पुढे सवडीने करता येतो.

वीज, नोंदणी आणि हमी

भारतात विकल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी संचांना भारतीय मानक ब्युरोची अनिवार्य नोंदणी लागते. सुरक्षेचे मानक आयएस ६१६ हे आहे. नोंदणीचे चिन्ह व क्रमांक संचाच्या मागील पट्टीवर छापलेले असतात. ही पट्टी नसलेला संच कितीही स्वस्त असला, तरी घेऊ नये. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी विजेचा वापर दर्शवते. निकष वेळोवेळी कडक होत असल्यामुळे वेगवेगळ्या वर्षांच्या पट्ट्यांवरील ताऱ्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. ६० वॉटचा संच रोज पाच तास चालल्यास ३० दिवसांत ९ युनिट वीज वापरतो. ११० वॉटचा संच त्याच वेळात १६.५ युनिट वापरतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याआधी ३२ इंचांपर्यंतच्या संचांनाच कमी दर लागू असल्याने या आकाराला करातही झुकते माप होते. ते आता उरलेले नाही.

हमीपत्रात संचाची आणि पडद्याची हमी वेगवेगळी नमूद असते. पडदा बदलण्याचा खर्च पुष्कळदा नव्या संचाच्या किमतीजवळ जातो, म्हणून पडद्यावरील हमीची मुदत अधिक महत्त्वाची आहे. ठरावीक संख्येपर्यंतचे निकामी पिक्सेल उत्पादक दोष मानत नाहीत आणि तडा गेलेला पडदा हमीत बसत नाही. संच घरी येताच, पोचवणारा माणूस समोर असतानाच खोके उघडून पूर्ण पांढरे व पूर्ण काळे चित्र लावून पाहणे हिताचे ठरते. तालुक्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या ग्राहकाने दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे, हे आधी विचारून घ्यावे. तेथे संच नेऊन पोचवताना होणारी मोडतोडही हमीत धरली जात नाही.

जुना संच

नव्या संचाच्या बदल्यात दिला जाणारा काचनळीचा जुना संच भंगारात फोडला जाणे धोक्याचे आहे. त्याच्या काचेत शिशाचे प्रमाण बरेच असते आणि नळीत निर्वात पोकळी असल्यामुळे ती फुटताना काचा उडतात. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, दूरचित्रवाणी संचांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि जुना संच नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. चालू स्थितीतील जुना संच मात्र लगेच टाकून देण्याची गरज नसते. डीडी फ्री डिशचा साधा बॉक्स जोडल्यास एसडी वाहिन्या त्यावर पूर्वीसारख्याच दिसतात.